कंपेलचं तळं

तोपखान्यात दुकान आहे माझं, काचांचं आणि फ्रेमांचं.
वर्षातून दोनतीनदाच असं काही येतं
की आधी हात धुवावे लागतात.

श्रीरंग गर्गे घेऊन आले, चादरीत गुंडाळून.
आत्याचं चित्र. वॉटरकलर. हातभर लांब, वीतभर उंच.
"सोनेरी पट्टी लावा," म्हणाले, "आणि डाग निघाले तर बघा,
तो काठावरचा तर फारच डोळ्यांत येतो.
कंपेलचं तळं आहे हे. आमचं घर
तीन पिढ्या ह्या तळ्याखाली जेवलं."

ते गेल्यावर मी चित्र दारापाशी नेलं, उजेडात.

दोन वाटे आभाळ.
ताकात हळद पडावी, अजून ढवळलेली नसावी, तसलं.
खाली माळ. माळव्याची काळी माती,
आणि काळा रंग कुठेच वापरलेला नाही:
जांभळ्याच्या पोटात विटकरी,
वाळता वाळता निळा कडेला जाऊन बसलेला.
क्षितिजाची रेघ शोधली. नव्हती.
गहू पातळ होत होत धुळीत शिरतो,
धूळ धुरात,
धूर कुणाच्या तरी बाफल्यांच्या गोवऱ्यांचा,
आणि त्याच्याही मागे गाव, म्हणजे
ओल्या कागदाला चारदा टेकवून उचललेला ब्रश.

मधोमध ते तळं.
रंग नाहीच तिथे. कागद तसाच सोडलेला,
आणि सगळा उजेड तिथून निघून
माळभर हिंडून परत तिथेच येणारा.

पाठ उघडली. गंजके खिळे, एकसष्ट सालचा पेपर,
कसरीनं खाल्लेला पुठ्ठा.
माउंट उचलला तशी डाव्या कडेला
दोन बोटं रुंद पट्टी निघाली,
इतकी वर्षं ऊन न लागलेली.
बाई तिथे रंग चाखून बघत होत्या:
एक आभाळ फसलेलं, एक पाणचट, एक बरोबर.
बरोबर होतं ते गुलबक्षी.
अजून ओलं वाटावं इतकं गुलबक्षी.
म्हणजे त्या संध्याकाळचं लाल
गर्ग्यांच्या जेवणघरात, जेवणं चालू असताना,
रोज थोडं थोडं उडून गेलं.
उरली ती हळद.

खाली पेन्सिलीनं, घाईत:
"कंपेलचा माळ. पावणेसहा. वारा पडलेला.
बैलाची जागा सोडली आहे.
भेरूला म्हटलं, जरा थांबव त्याला.
हो हो म्हणाला आणि चालायला लागला.
उद्या."

मी भिंग घेतलं.
तळ्याला वशिंड होतं.
एका काठाला शिंगाएवढी खाडी,
दुसऱ्या टोकाला शेपटीचा ओघळ.

हसू आलं. मग बराच वेळ
स्टुलावर बसून राहिलो.
दुसऱ्या दिवशी ढग आले असतील, किंवा पाहुणे.
किंवा बाई गेल्याही असतील माळावर, बैलही उभा असेल,
आणि ह्या कोऱ्या जागेत आता
बैल कसा घालायचा, हे त्यांना सुचलं नसेल.

दोन डाग पावाच्या मऊ गोळीनं निघाले.
तिसरा फिका झाला, नीट बघितल्याशिवाय कळणार नाही.
चौथा, काठावरचा,
त्याला ब्रशची धार होती. एकच थेंब, तांबडा,
खाली दोन सुतं लांब काहीतरी मातकट:
पाठमोरं.

माउंट नवा कापला, जुन्याच मापाचा.
पट्टी पुन्हा झाकली.
ऊन लागलं तर तेही जाईल, हे मला माहीत,
आणि गर्ग्यांना सांगायचं तर
तळंच काढून घ्यावं लागलं असतं त्यांचं.

शनिवारी आले. काचेवरून रुमाल फिरवला,
म्हणाले, पाणी वाढल्यासारखं वाटतंय.
मी म्हटलं, काच नवी आहे.

पावतीवर लिहिलं:
पट्टी सोनेरी. काच साधी. माउंट एक.
डाग चार, पैकी तीन काढले.
एक माणूस आहे, तो घरी चाललाय.